लॉगिनच्या दारातून परत फिरणारा कॉम्प्युटर: एका घरातल्या लिनक्स डेस्कटॉपचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे, माणसांची नावं मुद्दाम घातली नाहीत आणि आकडे थोडे गोल केलेत, बाकी सगळं जसं झालं तसं लिहितोय. लिहायचं कारण एवढंच की "पासवर्ड टाकला की परत पासवर्डच विचारतो" ही तक्रार लिनक्स वापरणाऱ्या घरांत बऱ्याचदा येते, त्यावर सांगितले जाणारे उपायही ठरलेले असतात आणि त्यातले निम्मे उपाय चुकीच्या क्रमाने केले तर गोष्ट आणखी बिघडते. इथेही थोडी बिघडलीच.

पार्श्वभूमी

कॉम्प्युटर काकूचा. ती घरून भाषांतराचं काम करते, लिबरऑफिस, ब्राउझर, थोडे फोटो, एवढाच वापर. छोटा डेस्कटॉप डबा आहे, बॅटरी नाही, आत १२० जीबीची एसएसडी आणि वायफाय कार्ड. त्यावर लिनक्स मिंट २१, सिनॅमन डेस्कटॉप. दोन वर्षांपूर्वी मीच टाकून दिलेलं. त्यावेळी सोपं पडावं म्हणून सगळी डिस्क एकाच पार्टिशनमध्ये घेतली, म्हणजे सिस्टिम आणि काकूच्या फाइली एकाच जागेत, आणि टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (सिस्टिमच्या जुन्या अवस्थेच्या प्रती) पण तिथेच. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच त्रास झाला.

दोन वर्षं काही म्हणजे काही तक्रार नव्हती. अपडेट मॅनेजर उघडून अपडेट टाकायला काकू शिकली होती आणि ते ती नियमाने करायची.

अडचण

रविवारी रात्री चुलत भावाचा फोन आला. "दादा, आईचा कॉम्प्युटर लॉगिनच होत नाहीये, पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही, मी फॉरमॅट मारू का? पेनड्राइव्ह बनवून ठेवलाय."

मी त्याला आधी एकच गोष्ट करायला लावली, मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाक आणि काय होतं ते सांग. चुकीचा टाकल्यावर "पासवर्ड चुकला" असं लगेच खाली आलं. बरोबर टाकल्यावर मात्र तसं काही येत नव्हतं, स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि पुन्हा तीच लॉगिनची पाटी. म्हणजे पासवर्ड घेतला जात होता, दार उघडत होतं, पण आत डेस्कटॉप उभा राहायच्या आतच सेशन मरत होतं आणि लॉगिन मॅनेजर परत बाहेर आणून सोडत होता. हा फरक कळला की निम्मी शोधाशोध वाचते, कारण मग पासवर्ड बदलण्याच्या वाटेला जायचं कारणच उरत नाही.

मागून काकूचा आवाज, "अरे फॉरमॅट नको हां, माझी फाइल आहे त्यात, परवा द्यायची आहे." दीडशे पानांच्या आसपासचं भाषांतर, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट भावाने जरा उशिरा सांगितली. मला फोन करायच्या आधी त्याने दोन तास इंटरनेटवर वाचून स्वतः प्रयत्न केले होते. नेमकं काय काय केलं ते त्याला पूर्ण आठवत नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय भावाचा, नव्याने इन्स्टॉल. त्याचं म्हणणं की तसंही व्हर्जन जुनं झालंय. पण मिंट २१ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट आहेत, त्यामुळे जुनं झालं म्हणून काढायची घाई नव्हती, आणि फाइली त्याच पार्टिशनवर असल्यामुळे इन्स्टॉल म्हणजे आधी सगळं बाहेर काढणं आलंच. शिवाय बिघाडाचं कारण हार्डवेअरमध्ये असेल तर नवीन सिस्टिमवरही आठवड्याभरात तेच होणार, आणि आता मागे बघून वाटतं की नेमकं तसंच झालं असतं.

दुसरा, टाइमशिफ्टने मागच्या तारखेला परत जाणं. हा मोहात पाडणारा पर्याय आहे कारण एक बटण दाबायचं असतं. पण बिघाड काय आहे हेच माहीत नसताना मागे गेलो तर पुरावाही जातो.

तिसरा, ग्राफिकल लॉगिन सोडून साध्या काळ्या कन्सोलमध्ये शिरायचं आणि बघायचं. यात काही मोडत नाही, फक्त फोनवरून एकेक अक्षर सांगायचा वैताग असतो.

तिसराच घेतला, पण एक अट घालून: काकूची फाइल बाहेर निघाल्याशिवाय कुठलीही दुरुस्ती करायची नाही.

काय केलं

फाइल आधी

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर काळी स्क्रीन आली, युजरनेम टाकलं, आणि मागून काकू म्हणाली "कीबोर्ड बंद पडला, पासवर्ड टाइप होत नाहीये." बंद नव्हता पडला, कन्सोलमध्ये पासवर्ड टाकताना टिंबंसुद्धा दिसत नाहीत. न बघता टाइप करून एंटर मारायचा असतो, तसा भाऊ आत गेला. ही गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती, पहिल्यांदा कन्सोल बघणारा माणूस तिथेच घाबरतो.

त्याचा पेनड्राइव्ह इन्स्टॉलरचा बनवलेला होता, त्यावर कॉपी करता येत नव्हतं, म्हणून ड्रॉवरमधून जुना एक शोधला. एलएसबीएलके कमांडने त्याचं नाव बघितलं, माउंट केला, म्हणजे सिस्टिमला जोडून घेतला, डॉक्युमेंट्स फोल्डर पूर्ण कॉपी केलं, आणि मग अनमाउंट होऊन प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबायला लावलं. कॉपीची कमांड संपली म्हणजे सगळं पेनड्राइव्हवर गेलं असं नसतं, बराच भाग अजून मेमरीतच असतो, अनमाउंट पूर्ण झालं की मग खरं लिहून झालेलं असतं. मग काकूच्या दुसऱ्या लॅपटॉपवर ती फाइल उघडून शेवटचं पान बघितलं. शेवटची चार पानं नव्हती. काकूला आठवलं, शनिवारी सेव्ह करताना काहीतरी एरर आला होता, तिने ओके करून बंद केलं होतं.

ती चार पानं गेली ती गेलीच, पण त्या एररमुळे माझ्या डोक्यात पहिल्यांदा डिस्क आली.

डिस्क

डिस्कवर किती जागा उरलीय ते दाखवणारी डीएफ -एच ची कमांड मारली. भावाने फोटो काढून पाठवला: एकूण १०९ जीबी, वापरलेले १०४, शिल्लक ०, शंभर टक्के.

"दादा, १०९ वजा १०४ पाच होतात ना, शून्य कसे?" प्रश्न अगदी बरोबर होता. एक्स्ट४ फाइलसिस्टिम बनवताना साधारण ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते, साध्या युजरला ती दिसतही नाही आणि मिळतही नाही. म्हणून तर डिस्क भरली तरी सिस्टिम चालू होते आणि सुडो करून, म्हणजे रूटचे अधिकार घेऊन, काम करता येतं. काकूचं सेशन मात्र साध्या युजरचं, त्याला सुरू होताना तिच्या होम फोल्डरमध्ये दोन-चार छोट्या फाइली लिहाव्या लागतात, त्या लिहायला एक बाइटही नाही, म्हणून सेशन मरत होतं.

इथे एक निर्णय होता. भावाने कुठेतरी वाचलं होतं की ट्यून२एफएस ने ती राखीव जागा शून्य करता येते, म्हणजे लगेच पाच जीबी मोकळे. मी नको म्हटलं. जे काही डिस्क खात होतं ते तसंच चालू होतं, ते हे पाच जीबीही खाऊन टाकणार आणि मग रूटलाही हालचाल करायला जागा उरणार नाही. आधी कोण खातंय ते बघू.

कुठलं फोल्डर किती जागा खातंय ते सांगणारी डीयू ची कमांड मुळापासून एक पातळी खोल चालवली, दुसरीकडे वाट चुकू नये म्हणून त्याच पार्टिशनपुरती. होम २०, यूएसआर १०, टाइमशिफ्ट १४, आणि व्हार ५८. व्हार फोल्डर एवढं मोठं असायचं काही कारण नाही. आत गेलो तर त्यातले ५६ फक्त लॉगचे, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींचे. सिसलॉग १९, कर्न डॉट लॉग १९, आणि दोघांच्या मागच्या आठवड्याच्या फाइली नऊ-नऊ जीबी. कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, मेसेज दोन्हीकडे लिहिले जातात म्हणून आकडे असे जोडीने, एकच रडगाणं दोनदा. सिस्टिमडीचं जर्नल, म्हणजे नोंदींची आणखी एक वही, मात्र किरकोळ होतं, कारण त्याला मुळातच आवर घातलेला असतो: डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत, तेही ४ जीबीच्या वर नाही, आणि शिवाय १५ टक्के जागा (पण जास्तीत जास्त ४ जीबी) मोकळी राहील असं बघून. साध्या टेक्स्ट लॉगला असा काही चाप नव्हता, आठवडा झाला की फाइल बदलायची, एवढंच.

माझी चूक इथे झाली

लॉगच्या शेवटच्या पाचशे ओळी आधी पेनड्राइव्हवर घेतल्या, ते बरं केलं. पण मग मी भावाला कर्न डॉट लॉग आरएम ने उडवायला सांगितलं. उडवली. परत डीएफ मारलं. शिल्लक ०.

दोघंही गप्प. "दादा, फाइल तर गेली, जागा कुठे गेली?"

फाइल उडवली म्हणजे तिचं नाव गेलं. पण लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉग सर्व्हिसने ती फाइल उघडून धरलेली होती आणि जोपर्यंत एखाद्या प्रोसेसच्या हातात फाइल आहे तोपर्यंत कर्नल तिची जागा सोडत नाही, उलट ती सर्व्हिस त्या नाव नसलेल्या फाइलमध्ये लिहीतच होती. एलएसओएफ ने उडवलेल्या पण उघड्या फाइली दाखवायला सांगितल्यावर ती दिसली, पुढे कंसात "डिलीटेड". आरसिसलॉग रीस्टार्ट केली आणि एकदम १९ जीबी परत आले. सिसलॉगच्या वेळी मग शहाणपणा केला, उडवायच्या ऐवजी ट्रंकेट कमांडने तिचा आकार शून्य केला, म्हणजे फाइल तीच राहते, आतलं रिकामं होतं, सर्व्हिसला कळतही नाही. मागच्या आठवड्याच्या दोन फाइली कुणी धरून ठेवलेल्या नसतात, त्या सरळ उडवल्या. वापर १०४ वरून ४८ वर.

टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट उडवायचा मोह त्यालाही झाला होता, मी हात लावू दिला नाही. सगळं नीट चाललंय हे दिसेपर्यंत परतीची वाट बुजवायची नाही.

तरीही लॉगिन होईना

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ७ दाबून लॉगिनच्या स्क्रीनवर परत गेलो, पासवर्ड, काळी स्क्रीन, पुन्हा लॉगिन. जागा ५५ जीबी मोकळी आणि तरी तेच. खरं सांगतो, माझाही धीर तिथे थोडा सुटला, रात्रीचा एक वाजला होता.

मग त्याला विचारलं, मला फोन करायच्या आधी तू काय काय केलंस, आठवेल तसं सांग, चुकलं असलं तरी काही बिघडत नाही. आठवत नव्हतंच. पण बॅश मागच्या कमांडची यादी ठेवतं, हिस्टरी मारून बघितली. त्याने कुठल्यातरी सल्ल्यावरून होम फोल्डरमधली डॉट-एक्सअथॉरिटी फाइल सुडो लावून बाजूला हलवली होती, आणि मग ती नसेल तर चालणार नाही असं वाटून सुडो टच करून त्याच नावाची रिकामी फाइल तयार केली होती. सुडोने बनवलेली फाइल रूटच्या मालकीची. ही फाइल म्हणजे ग्राफिकल सेशनची किल्ली, लॉगिन करताना ती युजरच्या नावाने लिहावी लागते आणि आता ती युजरला लिहिताच येत नव्हती. एलएस -एल ए मध्ये तीन नंबरच्या कॉलमला काकूच्या नावाऐवजी "रूट" दिसत होतं.

म्हणजे एकाच लक्षणाची दोन वेगळी कारणं एकावर एक बसलेली. पहिलं काढलं तरी लक्षण जात नाही आणि माणसाला वाटतं पहिलं कारणच चुकीचं होतं.

ती फाइल काढून टाकली. फाइल रूटची असली तरी फोल्डर काकूचं आहे म्हणून सुडोशिवायही काढता येते, फक्त आरएम एकदा "खरंच काढू का" विचारतं. बाकी काही रूटच्या मालकीचं राहिलंय का ते होम फोल्डरमध्ये फाइंड लावून बघितलं, आणखी काही निघालं नाही. परत एफ७, पासवर्ड, आणि डेस्कटॉप आला. काकू जागीच होती. "आला बाई," एवढंच म्हणाली.

पण खातंय कोण?

हे दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण रात्री अजून ताणण्यात अर्थ नव्हता. कॉम्प्युटर बंद करून ठेवायला सांगितला होता, चालू ठेवला असता तर लॉग पुन्हा भरत राहिला असता.

पेनड्राइव्हवरच्या पाचशे ओळी म्हणजे चार-पाच ओळींचा एकच घोळका शंभरदा: पीसीआयई (कार्डं मदरबोर्डला जोडणारा दुवा) बस एरर, तीव्रता "करेक्टेड". करेक्टेड म्हणजे तारेवर काहीतरी चुकलं, हार्डवेअरने ओळखलं आणि स्वतःच निस्तरलं, डेटा गेला नाही. वायफाय चालू होतं, काकूला काही जाणवत नव्हतं. फक्त प्रत्येक वेळी कर्नल त्याची नोंद करत होता आणि हे सेकंदाला अनेकदा होत होतं. ओळीत डिव्हाइसचा नंबर होता, एलएसपीसीआय मध्ये जुळवल्यावर ते वायफाय कार्ड निघालं. एपीटीच्या, म्हणजे अपडेट टाकणाऱ्या प्रोग्रामच्या, इतिहासात बघितलं तर बारा दिवसांपूर्वी नवा कर्नल आला होता, आणि लॉगच्या फुगलेल्या फाइलीही गेल्या दोन आठवड्यांतल्याच.

तीन वाटा होत्या. जुना कर्नल वापरत राहायचा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट सोडायचे. पीसीआय-नोएइआर हा पर्याय कर्नलला द्यायचा, त्याने नोंद बंद होते, पण उद्या खरा मोठा एरर आला तर त्याचीही नोंद अशी होणार नाही. किंवा पीसीआयई-एएसपीएम-ऑफ, म्हणजे वापर नसताना तो दुवा झोपवून वीज वाचवायची सोय (एएसपीएम) कर्नलने चालू करायचीच नाही, कारण असे एरर पुष्कळदा या झोपण्या-उठण्यातच येतात. लॅपटॉप असता तर बॅटरीसाठी मी कचरलो असतो. इथे बॅटरीच नाही.

आधी कायमचं काही लिहिलं नाही. ग्रबच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना कर्नल चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत ई दाबून त्या एका बूटपुरता पर्याय जोडला आणि अर्धा तास लॉग चालू ठेवून बघितला. एक ओळ नाही. मग ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये क्वाएट स्प्लॅश या आधीच्या पर्यायांच्या शेजारी लिहिला आणि अपडेट-ग्रब केलं.

निकाल

काम मंगळवारी वेळेत गेलं, चार पानं काकूने सोमवारी परत लिहिली. तीन महिन्यांनी सिसलॉग काही मेगाबाइटचा आहे.

लॉगरोटेटमध्ये, म्हणजे लॉगच्या फाइली बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये, मॅक्ससाइझची मर्यादा घातलीय, पण तिच्यावर फार विसंबू नका, लॉगरोटेट मुळात दिवसातून एकदाच जागा होतो, मर्यादाही तेव्हाच तपासतो, मधल्या वेळात फाइल कितीही वाढू शकते. असा पूर आला तर ती डिस्क वाचवेलच असं नाही, फक्त आठवड्याऐवजी एका दिवसाचं नुकसान होईल. टाइमशिफ्ट आता बाहेरच्या डिस्कवर जातो आणि काकूचं डॉक्युमेंट्स फोल्डर वेगळं कॉपी होतं, कारण टाइमशिफ्ट डीफॉल्टला होम फोल्डर घेतच नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते स्नॅपशॉट आहेत म्हणून निर्धास्त असतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझ्याकडून. एकच पार्टिशन करताना मी माझी दहा मिनिटं वाचवली. होम वेगळं असतं तर रूट भरलं असतं, पण काकूच्या फाइलीला सेव्ह व्हायला जागा राहिली असती आणि ती चार पानं गेली नसती.

काकूला आठवडाभर "डिस्कवर जागा कमी आहे" असा मेसेज येत होता. ती म्हणाली, "इंग्रजीत काहीतरी यायचं कोपऱ्यात, मी बंद करायचे, कामाच्या मध्ये यायचं ना." यात तिचा दोष मला वाटत नाही. अपडेट टाकायला मी शिकवलं होतं, हा मेसेज म्हणजे काय आणि तो आला की कुणाला फोन करायचा हे नव्हतं शिकवलं. आता डेस्कटॉपची भाषा मराठी केलीय, सगळं भाषांतरित नाहीये, पण जेवढं आहे तेवढं ती वाचते.

भावाच्या बाबतीत मला एकच हवं होतं, केलेल्या गोष्टी एका कागदावर. हिस्टरी होती म्हणून निभावलं. आणि कॉपी-पेस्ट केलेल्या कमांडमध्ये सुडो असेल आणि फाइल आपल्या होम फोल्डरमधली असेल तर थांबायचं, आपल्याच फाइलीला हात लावायला सुडो क्वचितच लागतं. हे त्याला आता पक्कं समजलंय, परवा त्याने मित्राला फोनवर हेच सांगताना मी ऐकलं.

माझ्या क्रमातही चूक होती. "आधी काय केलंस" हा प्रश्न मी रात्री एकला विचारला, तो पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवा होता.

एक गोष्ट अजून उघडी आहे. एएसपीएमचा पर्याय लावून ठेवणं ही तात्पुरती सोय आहे, कार्ड नीट बसलं नाही, कार्डच खराब होतंय की नव्या कर्नलमधला बदल, हे अजून ठरलं नाही. पुढच्या वेळी गेलो की डबा उघडून कार्ड काढून परत बसवणार आहे आणि तो पर्याय ग्रबमधून त्या एका बूटपुरता काढून लॉग बघणार आहे.